डेट्रॉइटची पक्षविरहित नगरसभा : एका सुधारणेचा इतिहास

लोकशाहीत मताधिकार ही मुख्य गोष्ट, आणि मतपत्रिकेचा नमुना, मतदारसंघाची सीमा, उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव छापावे की न छापावे या सर्व कारकुनी तपशिलाच्या बाबी, असा समज सुशिक्षित वर्गातही बराच रूढ आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या मोटारींच्या शहराने शंभर वर्षांहून अधिक काळ या तपशिलांचे जे परिणाम अनुभवले, ते पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. १९१८ साली या शहराने नगरसभेच्या निवडणुकीतून राजकीय पक्षांना हद्दपार केले, आणि त्याच सनदेने जुने वॉर्डही मोडून टाकले. पक्षांची हद्दपारी आजही कायम आहे. विभागवार प्रतिनिधित्व मात्र ९५ वर्षांनी, वेगळ्या रूपात, परत आणावे लागले. हे असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पक्षविरहित निवडणूक म्हणजे जिच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव वा चिन्ह नसते अशी निवडणूक. आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवाचून होतात, तोच हा प्रकार. वॉर्ड मोडून सबंध शहराचा एकच मतदारसंघ करणे ही याहून निराळी गोष्ट आहे. पहिलीवाचून दुसरी आणि दुसरीवाचून पहिली करता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नगरसुधारकांनी या दोन्ही गोष्टी पुष्कळ ठिकाणी एकत्र बांधून लोकांपुढे ठेवल्या, आणि लोकांनीही त्या एकत्रच स्वीकारल्या. डेट्रॉइटच्या कथेचे मर्म या गाठीत आहे.

ही गाठ कोणत्या परिस्थितीत बांधली गेली? १९०० साली डेट्रॉइटची लोकसंख्या २,८५,७०४ होती. १९१० मध्ये ती ४,६५,७६६ झाली आणि १९२० मध्ये ९,९३,६७८ वर पोचली. वीस वर्षांत शहर साडेतीन पटींनी वाढले. हेन्री फोर्ड यांनी १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हा कामाच्या शोधात दूरदूरचे लोक येथे लोटले. पोलंड, इटली, हंगेरी या देशांतून आलेली कुटुंबे आपापल्या वस्त्या करून राहिली. दक्षिणेतील राज्यांतून कृष्णवर्णीय मजूर येऊ लागले. अशा झपाट्याने फुगणाऱ्या शहराला पाणी, सांडपाण्याची गटारे, रस्ते, ट्राम, शाळा या सर्वच गोष्टी एकदम हव्या होत्या, आणि त्यांचे ठेके देण्याचा अधिकार नगरसभेच्या हाती होता.

ही नगरसभा ४२ सदस्यांची होती. शहराचे २१ वॉर्ड आणि प्रत्येक वॉर्डाचे दोन प्रतिनिधी, अशी तिची रचना होती. निवडणुका रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक या पक्षांच्या नावांवर होत. परंतु पक्षाची तत्त्वे आणि वॉर्डातील राजकारण यांचा फारसा संबंध उरला नव्हता. वॉर्डाचे राजकारण दारूच्या गुत्त्यात बसून चाले. गुत्तेवाला हा मजुरांचा सावकार, नोकरी लावून देणारा मध्यस्थ, पोलिसांकडे रदबदली करणारा वकील, असे सर्व काही असे. त्याच्या शब्दावर मते पडत, आणि त्या मतांचा मोबदला त्याला नगरसभेकडून मिळे. परदेशातून नुकत्याच आलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला सरकारदरबारी आपले म्हणणे पोचविणारा दुसरा कोणी नव्हता, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

१९१२ हे वर्ष निर्णायक ठरले. एका रेल्वे कंपनीच्या प्रकरणात मत देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून त्या उन्हाळ्यात अनेक सदस्यांना अटक झाली. खोलीत लपवून ठेवलेल्या ध्वनिग्राहक यंत्राने पुरावा गोळा केला होता. साहजिकच वृत्तपत्रांना मोठे खाद्य मिळाले. त्याच वर्षी कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्याचे संस्थापक हेन्री लेलँड यांच्या पुढाकाराने डेट्रॉइट सिटिझन्स लीग ही संस्था निघाली. लेलँड हे कडव्या धार्मिक वृत्तीचे, दारूचे कट्टर विरोधक आणि यंत्राच्या भागात केसाएवढी चूकही खपवून न घेणारे कारागीर होते. कारखान्याप्रमाणे नगराचा कारभारही काटेकोर, निर्दोष आणि थोड्या माणसांच्या हाती असावा, ही त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची धारणा होती. रस्ता बांधण्याची काही रिपब्लिकन वा डेमोक्रॅटिक अशी वेगळी रीत नसते, या आशयाचे वचन अमेरिकन सुधारकांत रूढ होते. लीगने ते आपल्या शहरापुरते खरे करून दाखविण्याचे मनावर घेतले.

लीगची पावले पद्धतशीर होती. प्रथम शाळामंडळाचे रूपांतर झाले : २१ वॉर्डांच्या प्रतिनिधींऐवजी सबंध शहराने निवडलेले ७ सदस्य आले. मग नगराच्या नव्या सनदेची पाळी आली. मिशिगन राज्यात दारूबंदी १९१८ च्या १ मे रोजी अमलात आली, आणि २५ जून रोजी नव्या सनदेवर मतदान झाले. वॉर्डाच्या राजकारणाचे अड्डे बंद पडून दोन महिनेही झाले नव्हते. सनद मोठ्या बहुमताने मंजूर झाली. ४२ च्या जागी ९ सदस्य, वॉर्डांच्या जागी सबंध शहर, आणि मतपत्रिकेवर पक्षाचा उल्लेख नाही, असे नव्या नगरसभेचे स्वरूप ठरले. प्राथमिक निवडणुकीत सर्वाधिक मते मिळविणारे १८ उमेदवार अंतिम निवडणुकीस उभे राहत आणि त्यांतून ९ निवडले जात. प्रत्येक मतदारास ९ मते देता येत.

या सुधारणेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. ठेक्यांच्या उघड सौद्यांचे दिवस संपले. महापौर जेम्स कझन्स यांच्या कारकिर्दीत, १९२२ साली, शहराने ट्रामवाहतूक खासगी कंपनीकडून विकत घेऊन स्वतः चालविण्यास आरंभ केला. एवढ्या मोठ्या शहराने असे करणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. जॉन लॉज यांच्यासारखे, प्रचारसभा न घेता निवडून येण्याबद्दल ख्याती असलेले सचोटीचे गृहस्थ नगरसभेच्या अध्यक्षपदी आले. पक्ष खरोखरच दूर झाले, हीही मान्य करण्यासारखी गोष्ट आहे. हे सर्वत्र घडले नाही. शिकागो शहरात १९२३ पासून नगरसभेचे ५० सदस्य पक्षनाम नसलेल्या मतपत्रिकेवर निवडले जातात. पण तेथे वॉर्ड कायम राहिले, आणि वॉर्डांबरोबर डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणाही कायम राहिली. १९५५ ते १९७६ पर्यंत महापौर असलेले रिचर्ड डेली यांच्या काळात शिकागोची ‘पक्षविरहित’ नगरसभा ही अमेरिकेतील सर्वांत पक्षबद्ध नगरसभांपैकी एक होती. वॉर्ड राहिले तर गुत्तेवाले राहतील, ही लेलँड यांची भीती निराधार नव्हती, हे शिकागोच्या उदाहरणावरून दिसते.

तथापि पक्षाचे नाव पुसले म्हणजे मतदार आणि उमेदवार यांच्यामध्ये कोणीच उरत नाही, अशी जी सुधारकांची कल्पना होती, ती अनुभवास उतरली नाही. दहा लाख वस्तीच्या शहरात अठरा नावांतून नऊ नावे निवडावयाची, तर सामान्य मतदाराने ती कशाच्या आधारे निवडावी? उमेदवाराला त्याने पाहिलेले नसते. त्याच्या मतांची ओळख सांगणारे पक्षाचे नावही समोर नसते. म्हणून पक्षाने मोकळी केलेली जागा दुसरा कोणीतरी घेतो, आणि ती कोणी घ्यावी हे बहुतांशी मतदारसंघाच्या आकारावरून ठरते. डेट्रॉइटमध्ये मतदारसंघ सबंध शहराएवढा असल्यामुळे सबंध शहराला ज्यांचा आवाज ऐकू जाईल, अशांनीच ती घेतली.

यांत पहिली लीग स्वतःच होती. ‘सिव्हिक सर्चलाइट’ या आपल्या पत्रकात ती उमेदवारांचे गुणदोष मांडी आणि कोण पसंत आहे हे सांगे. दुसरी मोठी दैनिके होती; त्यांच्या शिफारशीची यादी कित्येक मतदार हातात धरून मतदानास जात. तिसरी जागा प्रसिद्ध नावांनी घेतली. डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचे लोकप्रिय खेळाडू बिली रोगेल हे, एक लहानसा खंड सोडता, १९४२ पासून १९८० पर्यंत नगरसभेत होते. पुढे २००५ साली विख्यात गायिका मार्था रीव्ह्ज निवडून आल्या, आणि २००९ साली सर्वाधिक मते मिळवून अध्यक्ष झालेले गृहस्थ दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदक होते. अशा व्यक्तींच्या योग्यतेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्याचे नाव शहराला आधीच ठाऊक नाही, त्याने ते ठाऊक करून देण्यासाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न त्यांच्या यशामुळे अधिकच ठळक होतो.

चौथी शक्यता अंधाऱ्या बाजूची होती. १९२४ साली महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या गुप्त संघटनेने चार्ल्स बोल्स यांना पाठिंबा दिला. त्यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. मतदारांनी ते स्वतः लिहावयाचे होते. लिहिताना चुका झालेल्या हजारो मतपत्रिका बाद ठरल्या म्हणून बोल्स पडले, एरवी ते विजयाच्या अगदी जवळ पोचले होते. मतपत्रिकेवर कोणत्याही संघटनेचे नाव नसले तरी जिची संघटना घट्ट ती पुढे सरसावते, मग ती संघटना कोणतीही असो, हा धडा शहराला सनदेनंतर सहा वर्षांतच मिळाला. हेच बोल्स १९२९ साली निवडून आले आणि १९३० मध्ये मतदारांनीच त्यांस परत बोलावले.

सनदेची खरी कसोटी मात्र कामगारांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या बाबतीत लागली. डेट्रॉइट हे मजुरांचे शहर. १९३७ च्या फेब्रुवारीत मोटारकामगारांच्या संघटनेने जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीस मान्यता देण्यास भाग पाडले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत संघटनेने नगरसभेसाठी आपले उमेदवार उभे केले. त्यांत पुढे जगप्रसिद्ध झालेले वॉल्टर रूथर हेही होते. ते सर्व पडले. कारखान्याच्या दारापाशी विजय मिळविलेल्या संघटनेला नगरसभेत एकही जागा मिळाली नाही. वॉर्ड असते तर मजुरांच्या दाट वस्तीतून त्यांपैकी दोघेचौघे तरी सहज आले असते. कामगार चळवळीतून आलेले जॉर्ज एडवर्ड्स १९४१ साली निवडून आले आणि नगरसभेचे अध्यक्षही झाले, हे खरे. परंतु १९४९ मध्ये ते महापौरपदासाठी उभे राहिले, तेव्हा सार्वजनिक घरबांधणीचा आणि त्या आडून वर्णाचा प्रश्न पुढे करण्यात आला व त्यांचा पराभव झाला.

कृष्णवर्णीयांची कथा याहून बोलकी आहे. त्यांच्या वस्त्या शहराच्या पूर्वभागात एकवटलेल्या होत्या. त्यांना इतरत्र घरे मिळत नसत. राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक पक्षाच्या नावावर आणि विभागवार होत असे. तेथे १९३६ साली चार्ल्स डिग्ज हे कृष्णवर्णीय गृहस्थ डेट्रॉइटमधून सिनेटवर निवडून गेले. १९५४ साली त्यांचे पुत्र धाकटे चार्ल्स डिग्ज अमेरिकेच्या काँग्रेसवर गेले. परंतु स्वतःच्या शहराच्या नगरसभेत पहिला कृष्णवर्णीय सदस्य पोचण्यास १९५७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विल्यम पॅट्रिक हे वकील निवडून आले. १९५० च्या शिरगणतीत डेट्रॉइटच्या साडेअठरा लाख लोकांपैकी सुमारे तीन लाख कृष्णवर्णीय होते. तीन लाख माणसांना राष्ट्राच्या राजधानीचा दरवाजा आपल्या गावच्या नगरसभेच्या दरवाजाआधी उघडला! यात कायद्याने कोणाचा मताधिकार काढून घेतला नव्हता. नऊ जागांपैकी प्रत्येक जागेसाठी बहुसंख्य गोऱ्यांची मते मिळवावी लागत, एवढेच.

पॅट्रिक यांनी पद सोडल्यानंतर १९६५ साली निकोलस हूड हे धर्मोपदेशक निवडून आले. १९६० साली कृष्णवर्णीय वस्तीचे प्रमाण सुमारे २९ टक्के होते आणि १९७० मध्ये ते ४४ टक्क्यांच्या जवळ गेले. १९६७ च्या जुलैत पोलिसांच्या एका छाप्यावरून जो भीषण दंगा उसळला आणि ज्यात ४३ माणसे मेली, त्या वेळी नऊ जणांच्या नगरसभेत कृष्णवर्णीय सदस्य हूड हे एकटेच होते. नगरसभेच्या रचनेमुळे दंगा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पोलिसांची वागणूक, बेकारी आणि घरांची कोंडी ही त्याची जवळची कारणे. परंतु जुनी राजकीय यंत्रणा मोडल्याने भ्रष्टाचार कमी झाला, त्याबरोबर गरीब वस्ती आणि नगरशासन यांना जोडणारा एक दुवाही तुटला, असे १९६८ च्या कर्नर आयोगाने आपल्या अहवालात नमूद केले आहे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स एड्रियन यांनी तर १९५२ सालीच पक्षविरहित निवडणुकांचे विवेचन करून दाखविले होते की, या पद्धतीत विद्यमान सदस्यांचे आसन स्थिर होते आणि सामुदायिक जबाबदारी कोणावरच ठेवता येत नाही. पक्ष असला तर मतदार त्याला पाडू शकतो. नऊ सुट्या माणसांपैकी नेमके कोणाला पाडावे, हे त्याला कळत नाही.

१९७३ साली कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. त्याच वर्षी मंजूर झालेल्या नव्या सनदेनेही नऊ सदस्यांची सर्वशहरी पद्धत तशीच ठेवली. गोरी कुटुंबे उपनगरांकडे जात राहिली, शहरात कृष्णवर्णीयांचे बहुमत झाले, आणि नगरसभेतही झाले. यामुळे वर्णाचा प्रश्न मिटला असे वरवर दिसे. पण मूळ दोष नव्या अल्पसंख्यांच्या वाट्यास आला. नैर्ऋत्य डेट्रॉइटमधील मेक्सिकन वस्ती विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापासूनची. तिला नगरसभेत आपले माणूस कधीच पाठविता आले नव्हते. शिवाय कारखाने बंद पडत होते आणि लोकसंख्या घटत होती. २०१० साली ती ७,१३,७७७ एवढी राहिली. सुमारे १३९ चौरस मैलांच्या शहरात गल्लोगल्ली ओसाड घरे उभी होती. बंद पडलेल्या दिव्याविषयी, न उचललेल्या कचऱ्याविषयी तक्रार करावयाची तर ती नऊ जणांपैकी कोणाकडे? सर्वांचा प्रतिनिधी असलेला सदस्य कोणत्याच एका गल्लीला जबाबदार नव्हता.

सर्वशहरी निवडणूक भ्रष्टाचार रोखते, हा जो तिचा शेवटचा आधार, तोही २००९ साली ढासळला. सांडपाण्याच्या गाळाच्या एका ठेक्यात लाच घेतल्याचा गुन्हा त्या वर्षी एका विद्यमान सदस्याने न्यायालयात कबूल केला. १९१२ च्या प्रकरणाची ही जणू पुनरावृत्ती होती. त्या उन्हाळ्यातील प्राथमिक निवडणुकीत नऊ जागांसाठी दीडशेहून अधिक उमेदवार उभे होते. ती यादी समजून घेणे कोणाही मतदाराच्या आवाक्याबाहेरचे होते. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी नवा प्रस्ताव मंजूर केला : सात सदस्य सात प्रभागांतून आणि दोन सबंध शहरातून निवडावे. २०११ च्या सनदेत ही रचना अंतर्भूत झाली. बॉस्टन शहर याच वाटेने १९८३ सालीच गेले होते. तेथे नऊ प्रभाग आणि चार सर्वशहरी जागा आहेत. मतपत्रिकेवरील पक्षनाम मात्र कोणी परत मागितले नाही. १९१८ ची गाठ अशा रीतीने सुटली : त्या सनदेची एक गोष्ट लोकांनी ठेवली, दुसरी टाकली.

पहिली प्रभागवार निवडणूक २०१३ साली झाली, ती विलक्षण परिस्थितीत. मार्चमध्ये राज्य शासनाने शहरावर आणीबाणी व्यवस्थापक नेमला होता आणि १८ जुलै रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. नगरसभेच्या हाती सत्ता जवळजवळ उरली नसताना लोक आपापल्या प्रभागाचा प्रतिनिधी प्रथमच निवडीत होते. शहरात पुरेसा काळ वास्तव्य नसताना अर्ज केला म्हणून माइक डगन यांचे नाव महापौरपदाच्या मतपत्रिकेवरून काढले गेले होते. मतदारांनी ते हाताने लिहून त्यांस प्राथमिक फेरीत पहिले आणले आणि नोव्हेंबरमध्ये महापौर केले. १९२४ साली ज्या मार्गाने वर्णद्वेष शिरू पाहत होता, त्याच मार्गाने ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय असलेल्या शहराने एका गोऱ्या उमेदवाराची निवड केली. सहाव्या प्रभागातून राकेल कास्तान्येदा-लोपेझ निवडून आल्या. लॅटिन अमेरिकन वंशाच्या त्या डेट्रॉइटच्या पहिल्या नगरसभा-सदस्या. प्रभागाची रेषा आखताच, शंभर वर्षे जे झाले नव्हते ते पहिल्याच निवडणुकीत झाले. पाचव्या प्रभागातून त्याच वर्षी आलेल्या मेरी शेफील्ड पुढे नगरसभेच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात शहराच्या पहिल्या महिला महापौर म्हणून निवडून आल्या.

प्रभागांनी सर्व दोष धुऊन काढले, असे मात्र कोणी समजू नये. २०२१ साली प्रभागातून निवडून आलेल्या एका सदस्यानेही लाचेचा गुन्हा कबूल केला. गुत्तेवाल्यांच्या काळी लाच होती, लीगच्या सनदेखाली होती आणि प्रभागांतही आढळली. लाचेचा बंदोबस्त न्यायालये, हिशेबतपासनीस आणि जागरूक वृत्तपत्रे यांनी करावयाचा असतो. मतदारसंघाच्या आकाराने तो होत नाही. १९१८ च्या सुधारकांनी हे काम निवडणुकीच्या नियमांवर टाकले, आणि त्याची किंमत ज्यांचा त्या लाचेशी काही संबंध नव्हता अशा वस्त्यांना द्यावी लागली.

निवडणुकीच्या नियमांनी जे खरोखर ठरते ते एवढेच, की अडचणीत सापडलेल्या अनोळखी माणसाला नगरसभेत आपला म्हणून कोणाचे दार ठोठावता येईल. गुत्तेवाल्याचे दार मळलेले होते, तरी ते गल्लीत होते. लीगने ते बंद केले आणि त्याच्या जागी स्वच्छ पण दूरचे दार बसविले. पक्षाचे नाव न आणता दार पुन्हा गल्लीजवळ आणण्याचा डेट्रॉइटचा प्रयोग २०१३ पासून सुरू आहे. तेथे आता मधली जागा कोण घेते, वस्तीतील नागरिकांचे संघ की नव्या रूपातील जुने मध्यस्थ, यावर त्या प्रयोगाचे यश अवलंबून राहील.